फ्लूची सुई आणि मिठाचा बर्फ

माणसाला काही दुखत नसताना त्याच्या दंडात सुई टोचायची आणि वर त्यानेच आपल्याला चहा पाजावा अशी अपेक्षा ठेवायची, हा माझा चौतीस वर्षांचा धंदा. सरकारी कागदावर मी आरोग्यसेविका. बोर्ली पंचतनच्या आसपासच्या गावांत तोंडावर ‘नर्सबाय’ आणि पाठीमागे ‘सुईवाली’. डॉक्टरकडे माणूस आपल्या पायाने जातो, कारण त्याला दुखत असतं. आमच्याकडे कोणी येत नाही, आम्हीच जातो. आम्ही अंगणात दिसलो की पोरं मागच्या दाराने नारळीच्या वाडीत पळतात, आणि मोठ्या माणसांना पळता येत नाही म्हणून ती चहाचं आधण ठेवतात.

‘गरज सरो, वैद्य मरो’ असं म्हणतात. आमच्या नशिबी तेवढंही नाही. गरज पडूच नये म्हणून आम्ही उन्हातान्हात खपायचं, आणि ती पडली नाही की लोक म्हणणार, “बघा, काही झालं का? उगाच टोचलंत.” न आलेल्या आजाराचा पुरावा कुठून आणायचा? या नोकरीत राहायचं तर हे ऐकून हसता आलं पाहिजे. मला ते जमलं, बहुतेक वेळा.

दिवाळी अंकासाठी नोकरीतलं काही लिहा, असं संपादकांनी म्हटलं तेव्हा घरच्यांनी भराभर विषय सुचवले. होडीत झालेलं बाळंतपण, विंचवाची रात्र, निवडणुकीच्या दिवशीचा पोलिओ. पण मी लिहिणार आहे फ्लूच्या लसीवर. कारण नोकरीतली माझी सगळ्यात मोठी थाप मी तिच्यापायी मारली, आणि ती एका मासळीवालीने भर बाजारात पकडली.

आधी फ्लूविषयी चार शब्द सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. आमच्याकडे फ्लू असा शब्द फारसा कोणी काढत नाही. ‘हवा लागली’, ‘पावसाचं आजारपण’, ‘थंडीताप’ यातच सगळं बसतं. पण साधी सर्दी वेगळी आणि फ्लू वेगळा. सर्दीत माणूस नाक पुसत कामाला जातो. फ्लूत तो कामाचं नावच काढत नाही. एकदम ताप चढतो, हाडं ठणकतात, घसा सोलवटतो, खोकला धरतो. धडधाकट माणूस आठवड्याभरात उठतो. पण म्हातारी माणसं, गरोदर बाया, अगदी लहान मुलं, साखरेचे, दम्याचे, हृदयाचे रुग्ण, यांच्या छातीत तो उतरला की प्रकरण दवाखान्यातून मोठ्या दवाखान्यात जातं. कोकणात त्याचा जोर पावसाळ्यात जास्त. लस घेतल्यावर अंगात ताकद तयार व्हायला दोन आठवडे लागतात, म्हणून ती पावसाच्या तोंडावर घ्यावी. विषाणू दर वर्षी थोडं सोंग बदलतो, त्यामुळे लसही दर वर्षी नवी येते आणि दर वर्षी घ्यावी लागते. बुद्धपौर्णिमेला विहारात खीर वाटून झाली की माझ्या डोक्यात फ्लूच्या सुईची यादी सुरू व्हायची. अजूनही होते, निवृत्त झाले तरी.

आता चांगुणामावशी. आमच्या उपकेंद्राच्या हद्दीतल्या कोळीवाड्यात तिचं घर. नवरा गेलेला, मुलगा तिच्या दिराच्या, म्हणजे हरीनानाच्या, होडीवर खलाशी, आणि ती स्वतः बोर्लीच्या बाजारात मासळी घेऊन बसायची. साठी ओलांडलेली, अंगात साखर, छातीत दमा. ती दहा पावलं चालली की श्वासाची शीळ ऐकू यायची, पण आवाज मात्र बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. गावात कोणाचं लग्न ठरलं, कोणाचं मोडलं, कोणत्या डॉक्टरचं औषध लागू पडलं, हे सगळं तिच्या पाटीपाशी कळायचं. तिने पापलेट ताजं म्हटलं की घेणारा कल्ले उघडून बघत नसे. इतका तिचा शब्द.

ज्या वर्षी आमच्याकडे फ्लूच्या लसीचे थोडे डोस पहिल्यांदा आले, गरोदर बाया आणि जोखमीच्या रुग्णांसाठी, त्या वर्षी मी यादीत पहिलं नाव तिचं घातलं. तिच्या घरी पोचले तेव्हा माझी अकरा घरं फिरून झाली होती, आणि अकरा ठिकाणी तेच ते समजावून घसा कोरडा पडला होता.

“व्हय गो बाय, यानं काय व्हतंय?” तिने विचारलं.

खरं उत्तर लांबलचक होतं. मला घाई होती. ‘बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनं विकत नाही’ हे मी लहानपणापासून ऐकलेलं. मी म्हटलं, “मावशी, एक सुई घे. वर्षभर साधी शिंकसुद्धा येणार नाही.”

तिने लगेच दंड पुढे केला. मला वाटलं, वा, किती सोपं होतं हे!

बाराव्या दिवशी तिला सर्दी झाली. चांगली नाक गळणारी, डोळ्यांतून पाणी काढणारी साधी सर्दी. लसीचा तिच्याशी संबंध नव्हता. सर्दीचे विषाणू वेगळे, आणि ही लस फक्त फ्लूवर चालते. शिवाय लसीत जिवंत विषाणू नसतोच, त्यामुळे तिच्यापासून फ्लू होऊ शकत नाही. दंड दुखतो, एखाद दिवस कणकण वाटते, बस. हे सगळं खरं आहे. पण आधी सांगितलं तर ती माहिती, आणि नंतर सांगितली तर सबब. मी बाजारात जाऊन तिच्यासमोर उकिडवी बसले आणि हे सगळं सांगितलं. ती सुरमईचे तुकडे पाडत होती. हात न थांबवता तिने ऐकून घेतलं.

मग म्हणाली, “शिंक येनार न्हाय असं तू बोल्लीस का न्हाय?”

“म्हटलं होतं.”

“आमी शिली मासली ताजी म्हनून इकली तर गिऱ्हाईक परत येत न्हाय. तू मना शिला शब्द इकलास.”

आजूबाजूच्या चार पाट्यांवरच्या बायका हसल्या. मीही हसले, पण घरी जाईपर्यंत माझे कान तापलेले होते. तिचा शब्द किती लांब जातो ते मला माहीत होतं. पुढच्या वर्षी मी यादी घेऊन फिरले तर कोळीवाड्यात कोणी दंड दिला नाही. एकीने तर दारातच सांगितलं, “चांगुणाला सुईनं आजारी पारलंस, आता आमची पाली काय?” आणि चांगुणामावशीने स्वतःही घेतली नाही.

त्या श्रावणात तिला खरा फ्लू झाला. नारळी पौर्णिमेनंतर हरीनानाची होडी पहिल्या फेरीला गेली होती. होडीवर आठ माणसं एवढ्याशा केबिनमध्ये एकमेकांच्या कुशीला कूस लावून झोपतात. एकाला खोकला झाला की सगळ्यांना होतो. होडी तिसऱ्याच दिवशी परत आली, आणि खलाशांनी ताप आपापल्या घरी नेला. तरणे गडी चार-पाच दिवस कण्हून उठले. मावशीचं तसं झालं नाही.

मला सकाळी बोलावणं आलं. ती उंबऱ्यावर बसलेली होती, कारण आडवं होता येत नव्हतं. ओठ निळसर झाले होते. बाजार गाजवणारी ती बाई दोन शब्द सलग बोलू शकत नव्हती. रुग्णवाहिकेत मी तिच्याबरोबर बसले. दिघीला गाडी फेरीबोटीवर चढवून आगरदांड्याला उतरायचं आणि मुरुडवरून अलिबाग गाठायचं. खाडीला पाणी चढलेलं, फेरीबोट हलत होती, आणि मी एक डोळा ऑक्सिजनच्या काट्यावर आणि एक तिच्या तोंडावर ठेवून होते. तिने माझं मनगट धरलेलं होतं. ‘शिंकसुद्धा येणार नाही’ हे माझेच शब्द खाडी ओलांडेपर्यंत माझ्या डोक्यात फिरत राहिले.

नऊ दिवस ती अलिबागला होती. तपासणीत फ्लूच निघाला आणि त्यावर न्यूमोनिया. पाचव्या दिवशी मी भेटायला गेले तर तिने तोंडावरचा मास्क बाजूला करून विचारलं, “बाय, आज बाजाराचा दिस ना?” मला रडू आलं. वाचली, याचा आनंद होता. पण त्या वर्षी तिने लस घेतली असती तर ही पाळी येण्याची शक्यता कमी होती, आणि तिने ती घेतली नाही ती माझ्यामुळे. हे मी तेव्हा कोणाला बोलले नाही. आज लिहून टाकते.

तिसऱ्या वर्षी मी बोलणं बदललं. घरोघर सांगू लागले, “सर्दी-खोकला होईल. कदाचित फ्लूसुद्धा होईल. पण झाला तर तो छातीत उतरून अलिबागला न्यायची पाळी येण्याची शक्यता कमी होईल. हमी मात्र देत नाही.” विक्रीच्या दृष्टीने हे भाषण म्हणजे दिवाळखोरी. लोक म्हणायचे, “हमी न्हाय तर घ्यायची कशाला?” पण चांगुणामावशीला रुग्णवाहिकेत चढवताना सगळ्या वाडीने पाहिलं होतं. त्यामुळे थोडे लोक तयार झाले. जूनच्या सुरुवातीला मासेमारी बंद होते, होड्या वर ओढलेल्या असतात, पुरुष घरी असतात. ते दिवस धरून मी मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये लसीकरण ठेवलं. बावीस नावं लिहिली होती. त्यात मावशीची सून दर्शनाही होती. तिला सातवा महिना होता. मावशीचं स्वतःचं नाव नव्हतं.

आता लस कशी न्यायची तेही सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथेच झाला. लस थंड लागते, पण गोठलेली चालत नाही. दोन ते आठ अंश, त्याच्या खाली नाही आणि वरही नाही. निळ्या डब्यात बर्फाच्या चपट्या बाटल्या लावतात, पण फ्रीजरमधून काढल्या आणि ठेवल्या असं नसतं. त्या बाहेर ठेवायच्या, त्यांना घाम फुटू द्यायचा, मग कानाशी धरून हलवायच्या. आत पाणी खळखळलं की त्या डब्यात जायला लायक झाल्या. नवख्या सिस्टरला मी पहिला धडा हाच द्यायचे, आधी कान तयार कर. बाहेरच्या माणसाला मात्र हे उलटंच दिसतं. बर्फ वितळायला लागलेला आणि बाई तोच डब्यात भरतेय.

मी डबा हॉलच्या टेबलावर ठेवला आणि शेजारच्या घरात एका बाळंतिणीला बघायला गेले. अर्धा तास लागेल म्हणता तासावर गेला. डब्याजवळ हरीनाना होता. चाळीस वर्षं होडी चालवलेला तांडेल, दर्यावर आठ-आठ दिवस मासळी सांभाळलेला माणूस. पण बंदीच्या दिवसांत हाताला काम नाही. त्याने सहज डबा उघडून बघितला तर बर्फाच्या बाटल्यांत पाणी! बिचाऱ्याचा जीव कळवळला. नर्सबायचं औषध नासणार. तो उठला, सोसायटीच्या बर्फखान्यातून बर्फाचा चुरा आणला, होडीच्या खणात पापलेट भरतात तसा त्यात मूठभर मीठ टाकलं, आणि लसीच्या बाटल्या मधोमध नीट थरात लावून डबा गच्च भरला. मिठाने बर्फ किती गार होतो ते त्याला पक्कं माहीत होतं.

मी परत आले तेव्हा हॉलमध्ये चौदा-पंधरा माणसं बसलेली. दर्शना पुढच्या बाकावर, आणि तिच्यामागे भिंतीला टेकून चांगुणामावशी. ती सुई घ्यायला आली नव्हती, सुनेला कोणी फसवू नये म्हणून आली होती. हरीनानाने डबा माझ्यापुढे सरकवला.

“बाय, तुजा बर्फ पानी झालेला. नवा भरलाय. आता चार दिस कायपन व्हनार न्हाय.”

मी झाकण काढलं. डब्यातला तापमापक शून्याच्या खूप खाली गेला होता. लसीची बाटली काढून बघितली तर आत पांढरा खडा.

खोटं कशाला बोलू, मनात आलं ते सांगते. दहा मिनिटं बाहेर ठेवलं की ती बाटली पुन्हा पाण्यासारखी दिसली असती. कोणाला कळलं नसतं. एवढी माणसं मोठ्या मुश्किलीने जमलेली, आणि आज परत पाठवली तर पुन्हा येतील याची काय खात्री? तालुक्याला खुलासा द्यावा लागेल तो वेगळाच. पण गोठलेल्या लसीचा भरवसा नसतो. टोचली असती तर माणसं लस घेतली म्हणून निर्धास्त राहिली असती आणि पावसाळ्यात उघडी पडली असती. समोर सातव्या महिन्यातली गरोदर पोरगी बसली होती, आणि भिंतीशी बसलेल्या बाईला मी एकदा शिळा शब्द विकला होता.

मी उभी राहिले. “आज कोणाला सुई मिळणार नाही. लस खराब झाली.”

“खराब कशी?” हरीनाना म्हणाला. “बर्फात तर हाय!”

“नाना, ही मासळी नाही. ही गोठली की कामातून गेली. तुमची चूक नाही, मी डबा सोडून जायला नको होतं.”

त्याचा चेहरा एवढासा झाला. तेवढ्यात चांगुणामावशी पुढे आली. तिने माझ्या हातातली बाटली घेतली. हाताच्या उबेने ती वितळायला लागली होती. तिने ती उजेडात धरली, हलवली, आणि सवयीने नाकाशी नेऊन वाससुद्धा घेतला.

“कुटं दिसतंय खराब झालेलं?”

“दिसत नाही, मावशी. म्हणून तर टाकायची.”

“सगली?”

“सगळी.”

तिने बाटली माझ्या हातात परत दिली. मी बावीसच्या बावीस बाटल्या पिशवीत घालून वर ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी लावली आणि परत नेल्या. तालुक्याच्या साहेबांनी बर्फ कोणी भरला ते विचारलं. मी लिहून दिलं, डबा माझ्या ताब्यात होता. सेवापुस्तकात नोंद लागली नाही, पण सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली. वीस वर्षं मुलींना कान तयार करायला शिकवणाऱ्या बाईची लस बर्फाने गोठावी, यावर तालुक्यात पुष्कळ दिवस करमणूक झाली.

लस परत नेल्याच्या दुसऱ्या दिवशी चांगुणामावशी धापा टाकत उपकेंद्राची पायरी चढून आली. तालुक्याला मी नानाचं नाव घेतलं नाही, हे हरीनानाकडून तिला कळलं होतं.

“नवीन औषध कवा येतंय?” तिने विचारलं.

“आठ दिवसांनी. दर्शनासाठी ठेवते.”

“तिच्यासाटी ठेव, आन् माज्यासाटी पन ठेव.” मग खुर्चीत बसून दम घेतला आणि म्हणाली, “गिऱ्हाइकाला दिसत न्हाय ते पन जी टाकून देते ना, तिच्याकडचं घ्यावं.”

नोकरीत मला एक-दोन प्रशस्तिपत्रकं मिळाली आहेत. ती कुठे ठेवलीत ते शोधावं लागेल. हे वाक्य शोधावं लागत नाही.

आठ दिवसांनी पहिली सुई तिचीच. दंड पुढे करून तिने विचारलं, “आता नीट सांग, काय व्हनार?” मी माझं दिवाळखोर भाषण पुन्हा म्हटलं.

“म्हंजे खात्री न्हाय.”

“न्हाय.”

“मग टोच.”

त्या दिवशी मावशी धरून तेवीसची यादी होती आणि तीस माणसं आली. जास्तीच्या सातांना पुढच्या वेळचं सांगून परत पाठवताना मला जो आनंद झाला तो काय सांगू!

त्या पावसाळ्यातही ताप वाडीत फिरला. चांगुणामावशीलाही आला. दोन दिवस अंगावर गोधडी घेऊन पडली, तिसऱ्या दिवशी सुनेला स्वयंपाकातल्या चुका सांगू लागली, आठव्या दिवशी बाजारात. अलिबाग नाही, फेरीबोट नाही. दर्शनाला श्रावणात मुलगी झाली. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देता येत नाही, आईने गरोदरपणी घेतली तर आईकडूनच त्याला थोडं कवच मिळतं. घरात दोघं खोकत असताना ती पोर झोळीत खुशाल झोपलेली होती. हे सगळं लसीमुळेच झालं, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. एकदा म्हणून बघितलंय. पण दर वर्षी अशा घरांची गोळाबेरीज डोळ्यांसमोर ठेवली की मला जे वाटतं ते वाटतंच, आणि मी बऱ्यापैकी समाधानी बाई आहे.

निवृत्त झाल्यावर पहिल्या वर्षी माझी स्वतःची लस राहिली, आळसाने. ते चांगुणामावशीला कळलं तेव्हा तिने मला सुरमई द्यायचं नाकारलं. आधी सुई, मग मासली. तेव्हापासून आम्ही दोघी बरोबरच जातो. ती आता सत्तरीपुढे, मी साठीपुढे. यंदा पावसाच्या तोंडावर बोर्लीच्या एका दवाखान्यात गेलो. सिस्टर नवीन होती, गोड मुलगी. बाहेर रांग लागलेली, तिचाही घसा बसलेला. तिने बर्फाची बाटली कानाशी धरून हलवली, ते मी बघितलं आणि मनात शाबास म्हटलं. मग तिने माझा दंड पुसला आणि हसून म्हणाली, “काकी, एकदा ही घेतलीत ना, की वर्षभर शिंकसुद्धा येणार नाही बघा.”

मी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला, अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल असा.

“ए पोरी, शिंक येनार! तापपन येल कदाचित. पन अलिबाग टलंल, बहुतेक. तेवरंच बोल. लोक तरीपन घेतात.”

सिस्टर गोंधळून माझ्याकडे बघायला लागली.

“बरोबर सांगतायत त्या,” मी म्हटलं, आणि बाही आणखी थोडी वर सरकवली.